सिस्टरच्या गाडीतला वास

“बाजूला घे. लगेच.”

मागच्या सीटवरून सिस्टरचा आवाज आला आणि मी इंडिकेटर न देताच गाडी डावीकडं घेतली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत, माझ्याकडं बघून काहीतरी बोलत पुढं गेला. सिस्टर उतरल्या. एक हात दारावर ठेवून वाकून उभ्या राहिल्या आणि खोकत राहिल्या. पर्समधून पंप काढून त्यांनी दोनदा ओढला. दम्याच्या माणसांजवळ असतो तो, तोंडात धरून दाबायचा. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी नुसता उभा होतो.

पाचेक मिनिटांनी त्या सरळ झाल्या. डोळे पुसले.

“कैलास, तुझ्या गाडीत काय मेलंय?”

“काही नाय सिस्टर. कालच धुतली.”

“बाहेरून धुतलीस. मी आत बसते.”

हे सोमवारी सकाळी पडेगावहून शहराकडं येताना झालं. ऑक्टोबर महिना होता.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सकाळी गाडी चालवतो. गाडी मामाची. सेकंडहँड, पांढरी, पिवळ्या पाटीची. मी मामाकडंच बजाजनगरला राहतो. माझे वडील मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने फिरतीवर असतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं पुष्कळ गोष्टी कुणाला विचारायच्या हेच मला कळत नाही. हे लिहितानासुद्धा नीट लिहिता येतंय का, अशी शंका आहे. पण झालं तसं सांगतो.

सिस्टर म्हणजे शिंदे सिस्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. त्यांना दमा आहे आणि मोठ्या आजारपणानंतर फुप्फुसांच्या व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीला जावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला पडेगावहून निघायचं, आठला दवाखाना. तिथं दीड तास लागतो. मग त्यांना परत घरी सोडायचं आणि अकराच्या लेक्चरला मी कॉलेजात. ही फेरी माझ्यासाठी जणू टाइमटेबल बघूनच कुणी आखली होती.

त्या दिवशी दुपारी सिस्टरच्या मुलाचा, प्रशांतदादांचा, पुण्याहून फोन आला. गाडी त्यांनीच लावलेली आहे.

“कैलास, मला गाडीतलं काही कळत नाही. पण आईला गाडीतच अटॅक येणार असेल तर दवाखान्यात नेऊन उपयोग काय?”

“व्हय दादा.”

“खिडक्या उघडून आणत जाऊ नकोस. रस्त्याचं काम चालू आहे, ती धूळ आणखी वाईट.”

“नाय दादा, एसी लावतो. एसी लावला की वास येतो. त्यानंच त्यांना...”

“मग ते बघ. शुक्रवारी मी आईला विचारणार आहे. ती नको म्हणाली तर सोमवारपासून दुसरी गाडी लावतो. राग मानू नकोस.”

मी राग मानला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर शुक्रवारपर्यंतही थांबलो नसतो.

कॉलेज सुटल्यावर गाडी घेऊन एका सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला अ‍ॅडव्हायजर माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. हातात टॅब, बोलणं भराभर. त्यानं एसी चालू केला, नाक आत घालून बाहेर काढलं आणि म्हणाला, “केबिन फिल्टर चोक असणार. इव्हॅपोरेटर क्लिनिंगपण करावं लागेल. डॅशबोर्ड खोलावा लागला तर लेबर वाढेल.”

मी मान हलवली. मला फक्त ‘डॅशबोर्ड’ कळलं होतं. मग विचारलं, “केबिन फिल्टर म्हणजे?”

तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यानं समजावून सांगितलं. गाडीत हवेचे दोन फिल्टर असतात. एक इंजिनाच्या श्वासासाठी आणि एक आत बसलेल्या माणसांच्या. दुसरा तो केबिन फिल्टर. घड्या घातलेल्या कागदाची चौकोनी वडी असते, बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागं बसवलेली. पंखा बाहेरून हवा ओढतो, ती या कागदातून गाळून आत येते. ती थंड करणारी जाळी म्हणजे इव्हॅपोरेटर.

“सगळं मिळून किती?”

“चार हजार सहाशे. टॅक्स वेगळा.”

“नुसता फिल्टर?”

“अकराशे, फिटिंग धरून. पण वास जाईलच असं नाही सांगत मी.”

मामा वाळूजला कंपनीत आहे, त्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट होती. संध्याकाळी चहा घेताना त्याला सांगितलं.

“चार हजार? वास घालवायला?”

“मामा, सिस्टरला त्रास होऊ राहिला.”

“होऊ राहिला, कळतंय मला. पण पुढल्या महिन्यात इन्शुरन्स आहे, मागचे दोन टायर गेलेत. आन् खरं सांगू का, ती फेरी गेली तर जाऊ दे. आमच्या कंपनीला स्टाफसाठी गाडी पाहिजेच आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तूच चालव. पगार देतो तुला, फुकट नाय.”

“आन् कॉलेज?”

“बाहेरून कर. लई पोरं करतेत.”

बीएस्सी बाहेरून होत नाही. प्रॅक्टिकल असतात, जर्नल असतं, लॅबमध्ये सही लागते. पण मामाला मी हे सांगितलं नाही. मामा वाईट माणूस नाही. दोन वर्षं त्याच्या घरात जेवतोय. त्याला गाडीचा हप्ता दिसत होता आणि मला लॅब. दोघांनाही स्वतःपुढचं खरंच दिसत होतं.

मी एवढंच म्हणालो, “शुक्रवारपर्यंत थांब मामा. मी बघतो.”

“तू काय बघतो? तुला पंक्चर तरी काढता येतं का?”

“नाय.”

“मग!” मामा हसला आणि कप घेऊन मोरीकडं गेला.

मंगळवारी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. आमच्याच मॉडेलचा सापडला. एक माणूस बोलत बोलत चार मिनिटांत काम करतो. मला चाळीस मिनिटं लागली, पण झालं. कुणाला करायचं असेल तर सांगतो. आधी डाव्या सीटसमोरचा कप्पा पूर्ण रिकामा करायचा. मग तो उघडून दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबायच्या. दाबल्या की अडकवलेले खुंट सुटतात आणि कप्पा पूर्ण खाली येतो. आमच्या गाडीत उजव्या बाजूला एक बारीक दोरीही आहे, ती आधी काढायची. मी ती विसरलो होतो आणि कप्पा का येत नाही म्हणून दहा मिनिटं ओढत बसलो. मागं एक लांबट काळं झाकण दिसतं. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबल्या की झाकण निघतं आणि फिल्टर ओढून काढता येतो.

फिल्टर निघाला तो तव्याच्या बुडासारखा. घड्यांमध्ये माती, बारीक काड्या, एक मेलेली माशी. मला आनंदच झाला. वास इथूनच येतोय, सापडलं!

आणि तिथंच मी चुकलो. बाइकचा स्पंजाचा फिल्टर आम्ही धुऊन परत लावतो. आमच्या घरी कुठलीही गोष्ट एकदा धुऊन बघितल्याशिवाय टाकत नाहीत. मी बादलीत वॉशिंग पावडर घातली, फिल्टर बुडवला, चांगला खळबळून काढला. काळं पाणी बघून समाधान वाटलं. मग पत्र्यावर उन्हात ठेवला. दोन तासांनी हात लावून बघितला तर कडक वाळलेला. परत बसवला.

हा फिल्टर कागदाचा असतो. धुतला की घड्या वाकड्या होतात, कडेनं फट राहते आणि आतली ओल वरून कळत नाही. हे मला नंतर कळलं.

बुधवारी सिस्टर बसल्या. मी एसी लावला. वाटेतल्या छावणीच्या अलीकडंच त्यांचा खोकला सुरू झाला. आता जुन्या वासात वॉशिंग पावडरचा वास मिसळला होता, आणि दमट कपड्यासारखा आणखी एक.

“फिल्टर बदललास का? प्रशांत म्हणत होता, फिल्टर बदलायचा असतो.”

“हो,” मी म्हणालो.

कसं निघून गेलं तोंडातून, माहीत नाही. ‘धुतला’ म्हणायचं होतं. आरशात त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी त्यांनी तीनदा पंप ओढला. शेवटी खिडकी उघडली तर रस्त्याच्या कामाची धूळ आत आली. दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं, तेव्हा त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी दार धरून उभा राहिलो आणि त्या पायऱ्या चढेपर्यंत बघत राहिलो. त्या दिवशी लेक्चरमध्ये काय झालं ते मला आठवत नाही.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. गल्लीत गाडी नेण्यात अर्थ नव्हता, लांब लावून चालत गेलो. स्पेअर पार्टच्या एका जुन्या दुकानात काउंटरमागं पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते.

“क्या होना?”

“चाचा, फिल्टर होना. हवेचा.”

त्यांनी मॉडेल विचारलं आणि मागच्या कपाटातून एक खोका काढून पुढं टाकला. मी उघडून बघितला. गोल होता.

“चाचा, आमचा चौकोनी आहे.”

“तो केबिन का बोल ना बेटा! ये इंजिन का है. ये लगाता तो कहाँ लगाता, सर पे?” दुकानात उभे असलेले दोघं हसले. मीही हसलो, कान मात्र गरम झाले. “पुराना लाया?”

गाडीतून काढून आणलेला धुतलेला फिल्टर मी पिशवीतून बाहेर काढला. चाचांनी तो बोटांत धरून उजेडाकडं केला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडं बघितलं.

“धोया?”

“हो.”

“साबण से?”

“हो.”

“इस्त्री भी कर देना था.”

मग त्यांनी दोन खोके ठेवले. साधा पांढरा दोनशे साठचा. दुसरा करडा, त्यात कोळशाची भुकटी असते, ती वास धरून ठेवते. तो चारशे वीसचा. माझ्याकडं माझे स्वतःचे पाचशे होते. करडा घेतला.

पैसे घेताना चाचा म्हणाले, “एक बात सुन. फिल्टर छन्नी है. चाय में मक्खी गिरी तो छन्नी बदलने से चाय अच्छी नई होती. बू आती कहाँ से, वो देख.”

मी हो म्हणालो, पण फिल्टर मिळाल्याच्या आनंदात ते नीट ऐकलं नाही. गाडीपाशी येऊन लगेच बसवला. फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो. हवा ज्या दिशेनं जाते त्या दिशेला तो ठेवायचा. आमच्या गाडीत हवा वरून खाली येते, म्हणून बाण खाली. या वेळी दोरीही आठवणीनं काढली. दहा मिनिटांत काम झालं. एसी लावला, वास आला नाही. संध्याकाळी मी मामाला म्हणालो, “झालं.” मामा म्हणाला, “उद्या सिस्टर सांगतील झालं का नाय ते.”

शुक्रवारी सात वाजता पडेगावला दारात. सिस्टर बसल्या. पर्स मांडीवर, हात पर्सवर. मी पंखा हळू ठेवला. मिटमिट्याकडून येणारे ट्रक होते, धूर होता, पण आत काही जाणवत नव्हतं. पहिली दहा मिनिटं सिस्टर एकदाही खोकल्या नाहीत. मला वाटलं, जमलं.

मग पुढं एक काळा धूर सोडणारा डंपर आला म्हणून मी डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. या बटणानं पंखा बाहेरची हवा ओढायचा थांबतो आणि गाडीतलीच हवा फिरवतो. डंपर गेला, मी बटण परत दाबलं आणि पंखा वाढवला. दोन मिनिटं झाली नसतील, सिस्टर खोकल्या. एकदाच.

“आत्ता काय दाबलंस?”

“बाहेरची हवा, सिस्टर.”

“परत आतली कर.”

केली. त्या नाक थोडं वर करून शांत बसल्या. वॉर्डात कुणाची नाडी बघत असतील तेव्हा अशाच बसत असतील.

“आता बाहेरची.”

केली.

“बंद कर. कळलं मला.” त्यांनी रुमाल नाकाला लावला. “धूळ नाही येत आज, ते चांगलं केलंस. पण वास तुझ्या त्या फिल्टरचा नव्हताच. हा वास मला माहीत आहे. पेशंटला भेटायला लोक फुलं आणायचे. चार दिवस कुणी पाणी बदलायचं नाही. ती फुलदाणी उचलली की असा वास यायचा. कुजलेल्या फुलांचा वास आहे हा.”

गाडीत फुलं कुठली? पण ते विचारण्याआधी दुसरंच तोंडातून निघालं.

“सिस्टर, बुधवारी मी खोटं बोललो. तेव्हा फिल्टर बदलला नव्हता. जुनाच धुऊन लावला होता. काल बदलला.”

“माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“वॉर्डात पट्टी धुऊन परत बांधणारे होते. त्यांना विचारलं की तेही असंच ‘हो’ म्हणायचे. पटकन.” दवाखाना आला. त्या उतरल्या आणि खिडकीशी वाकल्या. “दीड तास आहे तुझ्याकडं. परत जाताना खोकले तर प्रशांतला तसं सांगणार. नाही खोकले तर तसं सांगणार. जे होईल ते.”

पार्किंगमध्ये मी गाडी सावलीत लावली आणि विचार करायला लागलो. बाहेरची हवा लावली की वास येतो. म्हणजे तो, हवा जिथून आत शिरते तिथून येतो. ती कुठून शिरते? मोबाइलवर शोधलं. पुढच्या काचेच्या खाली, वायपर जिथं बसवलेले असतात तिथं काळ्या प्लॅस्टिकची जाळी असते. तिथून.

मी जाळीपाशी वाकलो. फटीत एक झेंडूची पाकळी अडकली होती. ती काढली तर खाली आणखी एक, तपकिरी झालेली. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं आणि मला सगळं समजलं.

आमची मामी दर अमावास्येला गाडीची पूजा करते. दसऱ्याला तर मोठी. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याची पानं. वाहिलेलं फूल पायाखाली किंवा चाकाखाली यायला नको म्हणून ती फुलं बोनेटवर मोकळी ठेवत नाही. काचेखाली, वायपरच्या मुळाशी, त्या जाळीत नीट खोचते. आमच्या गल्लीत सगळ्याच बाया असं करतात. मामीच्या जागी माझी आई असती तरी तिनंही तसंच केलं असतं. गाडी घेतल्याला दीड वर्ष झालं होतं.

जाळी काढायची तर आधी वायपर काढावे लागतात. माझ्याकडं एक स्क्रूड्रायव्हर होता. बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर बराच वेळ माझ्याकडं बघत होता.

“क्या करू राहिला भाऊ? वायपर चुराने आया क्या?”

“माझीच गाडी आहे,” मी म्हणालो. “तुमच्याकडं पाना आहे का? वायपरचा नट खोलायचा आहे.”

त्यानं उतरून जाळीत बघितलं, नाक मुरडलं आणि सीटखालून पान्यांची पिशवी काढली. नाव युनूसभाई. चौदा नंबरचा पाना लागला. मी नट फिरवणार तेवढ्यात त्यानं माझा हात धरला.

“रुक. पहले काच पे निशान कर. वायपर जिदर है उदर. नई तो लगाते वक्त आडा बैठेगा आन् पहिल्या पावसात काच नाही पुसणार, बोनेट पुसेल.”

मी जर्नलसाठीच्या मार्करनं काचेवर दोन रेघा मारल्या. वायपर निघाले. जाळीच्या क्लिपा स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्या. एक तुटली. जाळी उचलली तेव्हा युनूसभाई दोन पावलं मागं सरकला.

आत चिखल होता. काळा, मऊ, फुलांचा. मध्ये मध्ये फुगलेले तांदूळ. कुंकवाचा लालसर गाळ. पाणी जायला एका कोपऱ्यात भोक असतं, ते पाकळ्यांनी गच्च बसलं होतं, म्हणून परतीच्या पावसाचं पाणी तिथंच साचून राहिलेलं. फेरी सुरू झाल्यापासून दीड महिना त्याच्यावरून जाणारी हवा मी सिस्टरला देत होतो.

हातानंच काढलं. भोकात खराट्याची काडी घातली. तीन-चार वेळा फिरवल्यावर पाणी गडगड आवाज करत खाली गेलं. युनूसभाईनं कॅन भरून पाणी आणलं. मी धूत गेलो, तो ओतत गेला. फुलं कुठं टाकायची ते मला कळेना. दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वाहिलेली फुलं होती. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, पिशवीला दोन गाठी मारून डिकीत ठेवली.

“हमारी अ‍ॅम्ब्युलन्स का भी देखना पडेगा,” युनूसभाई म्हणाला. “तीन शिफ्ट के तीन ड्रायवर. हर कोई अपनी अपनी पूजा करता.”

कालचा नवा फिल्टर काढून बघितला. त्यावर दोन पाकळ्या आणि थोडं काळं पडलं होतं. झटकून, फडक्यानं टिपून परत लावला. बाण खाली. जाळी बसवली, तुटलेल्या क्लिपच्या जागी तार बांधली, वायपर रेघांवर बसवले. मग चारही दारं उघडून पंखा फुल सोडला. नऊ पंचवीस झाले होते. शर्टाचा पुढचा भाग काळा झाला होता.

सिस्टर आल्या. माझ्याकडं बघितलं, काचेवरच्या रेघांकडं बघितलं आणि बसल्या.

“बाहेरची हवा लाव.”

लावली.

त्या तासाभरात मी रस्ता कमी आणि आरसा जास्त बघितला असेन. हे ड्रायव्हरनं करू नये, पण केलं. छावणी गेली. डंपर आला तरी मी बटण दाबलं नाही. एका सिग्नलला त्यांनी घसा खाकरला आणि मी गाडी बाजूला घ्यायला जागा शोधायला लागलो. त्यांनी बाटली काढली, पाणी प्यायल्या, बाटली ठेवली. पडेगाव आलं. त्यांचं गेट आलं. मी गाडी बंद केली, तरी त्या उतरल्या नाहीत. फोन लावला.

“प्रशांत? हो, पोचले. नाही. जाताना एकदा. येताना नाही... अरे, नाही म्हणजे नाही, मी काय खोटं सांगू? फुलं कुजली होती जाळीत. त्यानं काढली... हो, त्यानंच. हातानं... दुसऱ्या गाडीवाल्याला सांग नको म्हणून. का म्हणजे? तिच्या जाळीत काय असेल ते मला आता परत हुंगत बसायचं नाही.”

फोन पर्समध्ये टाकला. “सोमवारी सात. सात म्हणजे सात. आणि हात साबणानं धू, नुसत्या पाण्यानं नको.”

“व्हय सिस्टर.”

कॉलेजात पोचायला अकरा वीस झाले. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी शर्टाकडं बघून विचारलं, “काय रे, अपघात झाला का?” मी म्हणालो, “नाही सर, काम होतं.” त्यांनी आत घेतलं आणि जर्नलवर सही दिली.

अवघड काम तर संध्याकाळीच होतं. मामीला सांगायचं कसं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि फार फिरवून सांगायला लागलो. जाळी, हवा, भोक, पाणी. मामी भाकरी थापत ऐकत होती.

“म्हणजे माझ्या पूजेनं त्या बाईला दमा झाला, असं म्हण की सरळ.”

“नाय मामी, दमा त्यांना आधीपासून...”

“फुलं कुठं टाकली?”

मी डिकीतून पिशवी आणली. तिनं हात धुतले, गाठी सोडल्या, आत बघितलं. बराच वेळ बघत होती. मामा दारातून म्हणाला, “आता नको करू बाई पूजा त्या गाडीची.” तिनं त्याच्याकडं मान वळवूनही बघितलं नाही.

“पूजा का नको? देवापुढचं निर्माल्य मी दुसऱ्या दिवशी उचलते. गाडीपुढचं कधी उचललं नाय. चुकलं ते तिथं.” तिनं पिशवी मागच्या अंगणात नेली आणि कढीपत्त्याच्या बुडात रिकामी केली. परत येऊन तव्यावर भाकरी टाकली. “अमावास्येला फूल वाहीन मी. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सातच्या आत उचलायचं. तुझी ड्यूटी. जमंल?”

“जमंल.”

“कंपनीच्या स्टाफला सांग मग,” ती मामाला म्हणाली, “गाडी रिकामी नाय म्हणून.”

जेवताना मामानं मला फिल्टरचे चारशे वीस देऊ केले. मी नको म्हणालो, त्यानं खिशात घातले.

आता या कामाबद्दल एवढंच सांगतो. केबिन फिल्टर घरच्या घरी बदलता येतो, त्याला दहा मिनिटं लागतात आणि हत्यार लागत नाही. जुना फिल्टर दुकानात सोबत न्या. कागदाचा धुऊ नका. बाण बघा. आणि बदलल्यावरही वास आला तर डॅशबोर्ड खोलायला सांगण्याआधी वायपरखालच्या जाळीत टॉर्च मारा. शहरातल्या निम्म्या गाड्यांत काय सापडेल ते मी आत्ताच सांगू शकतो.

फेरी चालू आहे. सोमवारी मी सहा पन्नासलाच गेटपाशी होतो. सिस्टर सातला आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, “दहा मिनिटं आधी येऊन इंजिन चालू ठेवू नकोस. धूर घरात येतो.”